स्वातंत्र्यदिनाचं सुतक

पोसादास, २२ एप्रिल १९७६, गुरुवार

फेलिसियानो सापडला. नदीत.

बेनितामावशी सकाळच्या बोटीनं पलीकडून माल घेऊन आली आणि डोक्यावरची टोपली उतरवायच्या आधीच म्हणाली, "पोरी, आधी बस." मी बसले नाही. भट्टीत विकायच्या चिपा होत्या – चीज घातलेले पाव – करपल्या असत्या. उभ्यानंच ऐकलं. धक्क्याच्या खालच्या अंगाला, लव्हाळ्यात अडकला होता म्हणे. पोलिसांनी लिहून घेतलं – पोहता येत नसल्यामुळे बुडून मृत्यू. पोहता येत नव्हतं! पारानाच्या काठावर जन्मलेला माणूस. स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशी पैजेवर नदी ओलांडून गेलेला!

मागच्या कारखान्यात जाऊन अपारिसिओला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं. तो हार्पच्या लाकडाला रंधा मारत होता. थांबला नाही. फक्त रंधा एकाच जागी फिरत राहिला आणि तिथं खड्डा पडला. मग म्हणाला, "आता तिघांतला बाहेर मी एकटाच." तिघं म्हणजे तो, फेलिसियानो आणि पलीकडे पराग्वेत तुरुंगात असलेला मार्सियाल. तिघांनी मिळून गावात शेतकऱ्यांची संघटना काढली होती. जमीन मागितली. बस, एवढाच गुन्हा.

पराग्वे सोडून नदीच्या ह्या काठाला आलो तेव्हा वाटलं होतं, सुटलो. अर्जेंटिनात कोण विचारतंय! मार्चमध्ये इथंही लष्कर आलं. आता दोन्ही काठ सारखेच.

चिपा शेवटी करपल्याच.

२३ एप्रिल

माणसं उचलून नेणारी हिरवी गाडी गल्लीतून दोनदा गेली. दुसऱ्यांदा हळू.

२६ एप्रिल, सोमवार

अपारिसिओ आजपासून घरी नाही. कुठं आहे ते मला माहीत आहे, पण इथं लिहीत नाही. खरं तर काहीच लिहू नये. पण बोलायला कोणी नाही, आणि न बोलता राहिले तर छाती फुटेल.

मिर्ताला सांगितलं – बाबा आपोस्तोलेसला गेलेत, येर्बाच्या तोडणीला. तिकडं चहासारखे येर्बाच्या पानांचे मळे आहेत. पोरगी नऊ वर्षांची, पण बापासारखीच, फट सापडली की पाचर घालणारी. म्हणाली, "टोपी न घेता?" मी खिळ्याकडे बघितलं. टोपी तिथंच!

"विसरले."

"तोडणीवर ऊन लागतं ना पण?"

मी ओरडले तिच्यावर. विनाकारण. ती शाळेत गेल्यावर टोपी पिठाच्या पोत्यामागे कोंबली. मग तिथून काढून पलंगाखाली. मग जाळली. जाळताना रडू आलं – टोपीसाठी की कशासाठी, कोण जाणे.

२९ एप्रिल, गुरुवार

कायोकाकांना लष्कराच्या छावणीत बोलावलं होतं.

कायोकाका आमच्या मंडळाचे अध्यक्ष. सत्तेचाळीसच्या यादवीत पळून आले तेव्हा तरुण होते, आता औषधाच्या दुकानात गल्ल्यावर डुलक्या घेतात. दरवर्षी पंधरा मेला मंडळाच्या पत्र्याच्या हॉलमध्ये आमचा स्वातंत्र्यदिन असतो. आमचा म्हणजे पळून आलेल्यांचा. नदीपलीकडच्या सरकारची माणसं आपला वेगळा करतात, बड्या हॉटेलात. आम्ही त्यांच्याकडे जात नाही, ते आमच्याकडे येत नाहीत. इतकी वर्षं असंच.

यंदा कर्नलनं काकांना सांगितलं – देश एक, झेंडा एक, समारंभ एक. तुमच्याच हॉलमध्ये. पलीकडून एक साहेब येतील, ते झेंडा चढवतील. सगळ्यांनी यायचं. सहकुटुंब.

"आणि नाही आलं कोणी तर?" काकांनी विचारलं.

"का बरं येणार नाही?" कर्नल म्हणाला. "देशावर प्रेम नाही?"

हे सांगताना काका मिर्तासाठी खोकल्याचं औषध ओतत होते. बाटली भरून बाहेर सांडत राहिली. माझं लक्ष नाही, त्यांचं लक्ष नाही. बेनितामावशीनंच हात धरला.

मावशीची जीभ मरणाच्या दारातही गप्प बसायची नाही. म्हणाली, "आपल्या झेंड्याला दोन बाजू. एकीकडे तारा, एकीकडे सिंह. हे साहेब लोक आपल्याला कायम सिंहाचीच बाजू दाखवतात."

काकांनी उठून दुकानाचं दार लावून घेतलं.

२ मे, रविवार

प्रार्थना झाल्यावर काकांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत सगळे जमलो. जायचं की नाही? गेलो तर साहेब एकेकाचा चेहरा बघून घेणार. नाही गेलो तर लपवण्यासारखं काही आहे हे आपणच कबूल केलं. तरुण पोरं म्हणत होती, हॉलला कुलूप लावा, किल्ली नदीत टाका. कायोकाका म्हणाले, "किल्लीमागोमाग तुम्हालाही टाकतील."

तेवढ्यात दार उघडलं. इसाबेलिनो! कोणी टोपी चाचपतो, कोणी छत बघतो.

हा माणूस दोन-तीन महिन्यांपूर्वी आला. बाजारामागे एकटाच राहतो. कुठल्या गावचा विचारलं तर "खालच्या अंगाचा" म्हणतो. आणि चालताना पाय वाजत नाही त्याचा. आमच्याकडे खबऱ्याला केसाळ पायाचा म्हणतात – पावलाखाली केस, म्हणून चाहूल लागत नाही. इसाबेलिनोला तोंडावर कोणी म्हटलं नाही, पण तो आत आला की गप्पा पावसापाण्यावर जातात.

तो म्हणाला, "मीही मंडळाचा आहे म्हणून आलो."

मावशी म्हणाली, "ये की बाबा. आम्ही थंडीचं बोलत होतो. यंदा लवकर पडली."

त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग गेला. जाताना दार इतकं हळू लावलं की लागलेलं कळलंच नाही.

५ मे

इसाबेलिनो चिपा घ्यायला आला. मी म्हटलं, संपल्या. फडक्याखालून वाफ येत होती!

"वास तर येतोय, बाई," तो म्हणाला. भांडायला नाही, नुसतं म्हणाला. आणि गेला.

नंतर मला त्या चिपा विकवेनात. पण काय करू? फेलिसियानोनंही कोणावर तरी विश्वास टाकून चिपा दिलीच असेल.

७ मे, शुक्रवार

आज त्याला पाहिलं!

दुपारी बोगदानचा ट्रक आला. बोगदान म्हणजे लाकडाचा व्यापारी, पोलिश, मानेवर कायम उन्हानं सोललेली कातडी, बोलायला मोजून-मापून. अंगणात फळ्या उतरवायला एक हमाल होता. फळी अशी खांद्यावर घेतलेली की तोंड दिसेना. आत कारखान्यात आला, फळी ठेवली – अपारिसिओ! दाढी वाढलेली, डोळे आत. बोगदाननं काही न सांगता करवत सुरू केली आणि उगाच एक ओंडका कापत बसला. त्या आवाजात आम्ही बोललो.

"पंधराला निघतो."

"स्वातंत्र्यदिनाला?"

"त्या दिवशी सगळे डोळे हॉलवर असतील. बोगदान मला सान हाविएरला सोडेल. तिथून होडी. पलीकडे ब्राझील."

"आणि आम्ही?"

"तुम्ही दोघी झेंड्याला जायचं. नटून. हसत."

"हसत! डोकं फिरलंय तुझं."

"सेर्वियाना, ऐक. तू दिसली नाहीस तर त्या क्षणी ते मला शोधायला निघतील. तू दिसलीस तर म्हणतील, नवराही असेल इथंच कुठंतरी. मला तेवढीच सवड पाहिजे."

मी त्याच्या छातीवर मुठी मारल्या. भुसा उडाला. त्यानं मारू दिलं. त्याला मिर्ताला बघायचं होतं, शाळा सुटेपर्यंत थांबू का म्हणाला. मी नको म्हटलं. नको म्हणणारी मीच! मग त्यानं तिची सँडल उचलली, तळवा आपल्या तळहातावर ठेवून पाहिला, "वाढली की गं," म्हणाला आणि ठेवली.

ट्रक गेला. ओंडक्याचे तुकडे अंगणात पडलेत. कशाच्याच कामाचे नाहीत.

१० मे, सोमवार

मिर्ता समारंभात चार ओळी म्हणणार आहे. अठराशे अकरामध्ये स्पेनविरुद्धच्या उठावाचा निरोप गल्लीतून पोचवणारी जी बाई, तिच्यावर. कायोकाकांनीच लिहून दिल्यात. दरवर्षी ते भाषणात सांगतात – एका घरात कुजबुज केली, गल्लीतून बाहेर पडले, आणि रक्ताचा थेंब न सांडता देश मोकळा झाला. यंदा भाषण साहेबच करणार. काका म्हणाले, "माझं भाषण मिर्ताच्या चार ओळींत बसवलंय."

मी तिच्याकडून दुसरंच घोकून घेतेय.

"बाबा कुठं आहेत?"

"आपोस्तोलेसला, येर्बाच्या तोडणीला."

"कधी येणार?"

"तोडणी संपली की."

"परत म्हण."

ती म्हणते. डोळ्याला डोळा देत नाही. तिला कळलंय. कधीपासून कळलंय ते विचारायची मला हिंमत नाही.

१३ मे

दक्षिणेचा वारा. नदीवर धुकं, पलीकडचा काठ दिसत नाही. एरवी रोज दिसतो – आमचं एन्कार्नासिओन, देवळाचा मनोरा, धुण्याच्या दोऱ्यासुद्धा. मावशीनं जाळलेल्या साखरेचा येर्बा-काढा दिला. तसाच थंड झाला.

१४ मे

निळा झगा इस्त्री केला. मिर्ताच्या वेण्यांना लाल, पांढरी, निळी फीत. तीनदा बांधली, गाठ बसत नाही.

उद्या ह्या वेळेला – नको. नाही लिहीत.

१५ मे, शनिवार

सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या वाटेल मी स्वप्न पाहिलं.

हॉल गच्च भरला होता. सगळे आले होते, म्हातारेकोतारेसुद्धा. भिंतीला शिपाई. साहेब बुटका, गुबगुबीत, अत्तराचा वास, हसरा. मला वाटलं होतं कोणी राक्षस असेल. हा तर एखाद्या वधूचा मामा शोभला असता! प्रत्येकाचा हात हातात घेऊन, नाव विचारून, पुन्हा नाव म्हणून दाखवत होता. "ओर्तिगोसा. सेर्वियाना ओर्तिगोसा. वा!" हात ऊबदार होता त्याचा. मला ते जास्त भयंकर वाटलं.

झेंडा चढला. राष्ट्रगीत म्हटलं. एरवी ह्या गाण्याला कायोकाका रडतात, पलीकडचा काठ आठवून. आज सगळ्यांचे डोळे कोरडे आणि आवाज खणखणीत. भीतीनं माणूस किती छान गातो!

मिर्तानं चार ओळी म्हटल्या. अडखळली नाही. टाळ्या. मग पोरांनी आयांना लाल फुलं दिली, कारण आमच्यात मातृदिनही पंधरालाच. मिर्ता फूल घेऊन माझ्याकडे यायला निघाली आणि साहेबानं तिला मध्येच थांबवलं. उकिडवा बसला तिच्यासमोर. खिशातून चॉकलेट काढलं.

"काय सुंदर म्हटलंस गं! बाबांनी शिकवलं?"

"काकांनी."

"आणि बाबा? दिसत नाहीत ते."

"आपोस्तोलेसला, येर्बाच्या तोडणीला." घोकल्यासारखंच म्हणाली. अगदी घोकल्यासारखं.

साहेब हसला. "अरेरे! आजच्या दिवशी लेकीजवळ नाहीत? कुठल्या मळ्यात आहेत, सांग. गाडी आहे माझ्याकडे. आत्ता माणूस पाठवतो, तासा-दोन तासांत बाबा इथं!"

हे मी घोकून घेतलं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? मला मान हलवता येत नव्हती. शिपाई बघत होता. हातातला काढ्याचा कप मी दोन्ही हातांनी धरला.

मिर्ता म्हणाली, "आणता येणार नाही त्यांना. बाबा तिथंच मेले."

माझ्या हातातला कप पडला.

साहेब हसायचा थांबला. हळूच उठला. माझ्याकडे वळला. "बाई, हे –?"

आणि मागून आवाज आला, "ताप डोक्यात गेला, साहेब. तिकडंच पुरला. बाईंना कालच निरोप आला. मीच आणला निरोप."

इसाबेलिनो! टोपी छातीशी धरून उभा.

"मग काळे कपडे नाहीत ते?" साहेबानं माझ्या निळ्या झग्याकडे बोट केलं.

तेवढ्यात बेनितामावशीनं जो गळा काढला! देवा! मलाच क्षणभर खरं वाटलं. "आज देशाचा दिवस, आईचा दिवस, साहेब! पोरीला म्हटलं, आजचा दिवस ढकल, उद्यापासून रड! नाही ढकलला गेला हो!" तिच्यामागून दुसरी, तिच्यामागून तिसरी. सगळ्या बायका. ज्यांना काही ठाऊक नव्हतं त्याही. कायोकाकांनी येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तेव्हा मला रडू फुटलं. खरं रडू. महिन्याभराचं.

साहेबानं टोपी काढली. एक लाल फूल मला दिलं. म्हणाला, "देश आपल्या दुःखात सहभागी आहे."

त्याच वेळी, देवाची कृपा असेल तर, ट्रक सान हाविएरच्या रस्त्याला होता.

१६ मे, रविवार

काळं घातलं. मावशीचं आहे, कमरेत सैल. ट्रकचा निरोप नाही.

मिर्ता अंथरुणातून उठली नाही. अंग गरम. दुपारी विचारलं, "आई, म्हटलं की खरं होतं का गं?"

मी म्हटलं, नाही होत. ह्यावर पैज लावायची मात्र माझी छाती नाही.

१८ मे, मंगळवार

घरात मृतासाठी नऊ दिवसांची प्रार्थना चालू आहे. जिवंत माणसासाठी! टेबलावर पांढरं कापड, मेणबत्त्या, त्याचा लग्नातला फोटो. दाराच्या आत एक परका माणूस बसतो, कोणी पाठवलेला ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच्यासमोर रडावं लागतं. मी रडते आणि मनात देवाला म्हणते, ऐकू नकोस, ह्यातलं एक अक्षर ऐकू नकोस.

प्रार्थना इसाबेलिनो सांगतो. पाद्री व्हायला गेला होता म्हणे, अर्ध्यावर सुटलं. आज सगळे गेल्यावर मी त्याला ताज्या चिपा दिल्या, फडक्यात बांधून. विचारलं, "तुम्ही का बोललात त्या दिवशी? आम्ही तुम्हाला दारात उभं करत नव्हतो."

त्यानं फडक्याची गाठ सोडली. मग म्हणाला, "माझ्या भावाबद्दल असंच विचारलं होतं. असंच हसून, चॉकलेट देऊन. आम्ही खरं सांगितलं."

चिपा त्यानं इथंच खाल्ली. उभ्यानं.

२१ मे, शुक्रवार

इसाबेलिनोला नेलं. भरबाजारातून, हिरव्या गाडीत. मावशी दहा पावलांवर होती. म्हणाली, धडपडला नाही, ओरडला नाही, फक्त हातातली मक्याची कणसं दुकानदाराला परत दिली.

त्याला सगळं माहीत आहे. ट्रक सोडून सगळं. मारलं की कोण बोलत नाही? मी दोघींचं गाठोडं बांधलं. मग सोडलं. आता पळाले तर विधवा पळाली म्हणतील, आणि विधवा कशाला पळेल?

खुर्ची दाराला लावून बसलेय. बाहेर कुत्रं भुंकलं तरी –

२२ मे

कोणी आलं नाही.

२४ मे, सोमवार

नववा दिवस. प्रार्थना आज कायोकाकांनी सांगितली, चुकत-चुकत. दारातला माणूस आला नाही. आम्हाला न्यायला कोणीच आलं नाही.

म्हणजे तो बोलला नाही. म्हणजे तिथं आत अजूनही त्याला –

देवा, मी त्याला म्हटलं होतं, चिपा संपल्या.

२ जून, बुधवार

बोगदान आला. फळ्यांचा भाव विचारावा तसं म्हणाला, "माल पोचला, बाई. कोरडा पोचला."

मी मेणबत्त्या पुसत होते. पुसतच राहिले. तो गेल्यावर मिर्ताला सांगितलं, कानात – बाबा पोचले. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि बाहुलीच्या वेण्या घालत बसली.

इसाबेलिनोची काही खबर नाही. कायोकाका छावणीत विचारायला गेले. तिथं म्हणाले, अशा नावाचा माणूस कधी नव्हताच. आता प्रार्थनेत मी फोटोकडे बघत नाही, इसाबेलिनोच्या नावानं म्हणते. मनातल्या मनात.

सांतो आंजेलो, ब्राझील. १९ सप्टेंबर, रविवार

काल लग्न झालं. विधवा सेर्वियाना ओर्तिगोसा आणि आन्सेल्मो नावाचा एक सुतार. नाव नवं, माणूस तोच. पाद्र्यांनी विचारलं, एकमेकांना नीट ओळखता ना? आम्ही दोघंही हसलो.

मिर्ता त्याला अहो-जाहो करते. चारचौघांत तसंच करायचं, हे आम्हीच शिकवलं. घरी आल्यावर त्यानं दार लावलं, कडी घातली, गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "आता म्हण की बाबा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "आई, ह्यांना सांग ना. माझे बाबा वारले."